नाझिकचा कमरपट्टा

ग्युम्री,
१९ सप्टेंबर १९९८

प्रिय वार्सेनिक,

तुझं पत्र, साबण आणि तुझ्या कनारिकवहिनीच्या गुडघ्यांसाठी पाठवलेलं मलम मिळालं. मलमाने तिला उतार आहे. बेकरीत दिवसभर उभं राहावं लागतं असं लिहिलंस, पायांना जप. इकडे थंडी लवकर पडली. कनारिकने मिरच्या भाजून बरण्या भरल्या, शेगडीचं धुराडं मी झाडून घेतलं.

तू पत्रात तीनदा नाझिकचं विचारलंस. मागच्या दोन्ही पत्रांत मी ‘ठीक आहे’ एवढंच लिहिलं होतं. आज सगळं लिहितो. एका दमात वाच.

‘मी येईपर्यंत थांब, पोरीच्या लग्नाची घाई करू नकोस,’ असं तू बजावलं होतंस. मी ऐकलं नाही. भूकंपानंतर नऊ वर्षं आम्ही लोखंडी डब्याच्या तात्पुरत्या घरात काढली. रफोच्या घरच्यांनी त्यांच्या खाणीतला लाल दगड दिला, म्हणून हे घर उभं राहिलं. त्यांनी रफोसाठी नाझिकला मागणी घातली तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. मामाचा आहेर म्हणून मी चांदीचा कमरपट्टा केला. तारेच्या जाळीच्या अठरा चकत्या होत्या. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही.

मार्चमध्ये तिची सासू सातेनिक पट्टा घेऊन एकटीच आली. सैल होतो, एक चकती काढा म्हणाली. हसत हसत म्हणाली, “तुमची भाची काडी झालीय, उस्ताद. वाऱ्याच्या दिवशी दोरीने बांधून ठेवावी लागते.” मीही हसलो. चकती काढून दिली.

मे महिन्यात ती पुन्हा आली. मी म्हटलं, पोरीलाच घेऊन या, माप घेतो. तिने पिशवीतून गाठ मारलेला दोरा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मापाला तो पुरे म्हणाली. मी दोन चकत्या काढल्या.

जुलैत रफो आला. पट्ट्याचा आकडा वाकला होता, दोन चकत्यांची जाळी चेपली होती. पायऱ्यांवर पडला म्हणाला. वार्सो, चाळीस वर्षं मी चांदी हाताळतोय. पडलेली चांदी एका जागी चेपते. ही आपटून आपटून चेपली होती. कोमट पाण्यात टाकली तर पाणी तांबूस झालं. चांदी काळी पडते, तिला तांबूस रंग सुटत नाही. जाळीत एक लांब केस अडकला होता. तो मी चिमट्याने काढला.

आणि मग मी आकडा सरळ केला, जाळी उठवली, उजाळा दिला आणि पट्टा त्याच्या हातात ठेवला. तो थँक्यू मामा म्हणाला, आणि मीही त्याला, सांभाळून जा, म्हटलं.

कनारिकने ते पाणी पाहिलं होतं. रात्री जेवताना ती एवढंच म्हणाली, “तुमच्या हाताला वास कसा येत नाही?”

ऑगस्टमध्ये पीचची पेटी घेऊन मी नाझिकच्या सासरी गेलो. नाझिक कॉफीचा ट्रे घेऊन आली. एवढ्या उन्हात तिने मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घातले होते. चार दिवस पोरीला घरी नेतो म्हटलं, तर तिच्याऐवजी सातेनिकच बोलली, की टोमॅटोचे दिवस आहेत, घरात हात कमी पडतात. नाझिक मला फाटकापर्यंत सोडायला आली. माझ्याकडे बघतही नव्हती, मान खाली घालून म्हणाली, “मामा, आता पट्टा दुरुस्तीला आला तर परत पाठवू नका.”

मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, “आई येईपर्यंत सांभाळून घे, बाळा.” तिने मान डोलावली. मी बसमध्ये चढलो.

काल सातेनिक आली. तिने पट्टा आणि नवा दोरा मेजावर ठेवला. काढलेल्या चकत्या परत बसवा म्हणाली, वर आणखी एक लागेल. मला क्षणभर आनंद झाला, की पोर भरली, बाळाची चाहूल असेल. तसं मी बोलूनही दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, “हे तिचं माप नाही. ती तीन आठवड्यांपूर्वीच निघून गेली, रशियाला, आईकडे. तुम्हाला कळवलं नाही? रफोला किती दिवस एकटं ठेवायचं?”

गुरुवारी या, मी म्हटलं. ती समाधानाने गेली.

वार्सेनिक, ती तुझ्याकडे आली असेल, असं मी काल दुपारपासून स्वतःला समजावतोय. पण लग्नानंतर पत्ता बदलायला नाझिकने तिचा पासपोर्ट आमच्याकडे दिला होता. ते काम राहूनच गेलं. पासपोर्ट अजून आमच्या कपाटात आहे. कनारिकने तो काढून माझ्यासमोर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पासपोर्ट नसताना रशियापर्यंतच्या दोन सरहद्दी कोण ओलांडू देतं?

उद्या सकाळी आम्ही दोघं पोलिसांकडे जातोय. पासपोर्ट दाखवू, पट्टाही नेऊ. तो मीच धुऊन लख्ख केलाय, आता त्यावर कुणाला काय सापडणार? पण त्या पाण्याचा रंग मी सांगेन, केसाचंही सांगेन, आणि मी काय केलं तेही सांगेन. मग त्या घराच्या दारात जाऊन बसेन. ती कुठे आहे हे त्यांनी सांगितल्याशिवाय उठणार नाही.

हे पत्र रशियाच्या बसचा ड्रायव्हर हाचिक तुझ्या हातात देईल. तो तिथे एक दिवस थांबतो. नाझिक तुझ्यापाशी असेल, तर तिच्या अक्षरात एक ओळ त्याच्याकडे दे. शिव्या लिहिल्या तरी चालतील. नसेल, तर काही लिहू नकोस. त्याच्या शेजारच्या सीटवर बसून तूच ये.

‘तुझा दादा’ असं लिहायला आज हात धजत नाही.

अर्शाविर