मागच्या चाकातली हवा

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज परत सायकल पंक्चर. दिवाळीपासून तिसऱ्यांदा. नदीत दुसऱ्याच दगडावरून मागच्या चाकावर खाली उतरले आणि ठक्क. हा आवाज आता ओळखीचा झालाय. दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली. मग फुस्स. काढून बघितली तर शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं, नेहमीसारखी.

सायकल खांद्यावर टाकून प्रवरेच्या पात्रातून वर. वाटेत एका बाईंनी विचारलं, "सीट चोरीला गेली का गं?" ट्रायल सायकलीला सीट नसतेच, ती दगडांवर उड्या मारायला असते, हे सांगणं मी सोडून दिलंय. "हो ना," म्हटलं. त्या हळहळल्या.

संध्याकाळी पुण्याहून मुग्धाचा फोन. आम्ही दोघी एकदमच ही सायकल शिकलो. मी लेकीच्या, मनूच्या वेळेपासून चार वर्षं बंद, ती चालूच. जानेवारीत स्पर्धा आहे, महिना संपायच्या आत नाव दे म्हणाली. बघते म्हटलं. बघते म्हणजे काय, दुसऱ्या दगडाच्या पुढे जाता येईना!

४ नोव्हें.

डेअरीच्या लॅबमधून सुटल्यावर नाक्यावर, भानुदासमामांच्या पंक्चरच्या दुकानात. त्यांनी टायरमध्ये कापूस फिरवला. काटा असेल तर कापूस अडकतो. कुठंच अडकला नाही. परत फिरवला.

"काटा न्हाई ताई. पन काट्याबिगर पंक्चर हुतं का कुटं?"

आपल्याकडे पंक्चर म्हणजे बाभळीचा काटा, दुसरं काही नाहीच. मामांनी जुन्या टायरची पट्टी कापून आतून बसवली. "आता बाभळीचं आख्खं झाड आडवं आलं तरी काय हुनार न्हाई."

मला माहीत होतं की काटा नव्हता. तरी पट्टी बसवू दिली. काट्याला दोष दिला की बरं वाटतं, एवढंच कारण.

९ नोव्हें., रवि.

पट्टी घालून नदीत. मागचं चाक इतकं जड की उचलतच नव्हतं. पहिला दगड कसाबसा. दुसऱ्यावरून उतरताना ठक्क. पुन्हा दोन भोकं, आणि वर पट्टी सरकून तिच्या कडेनं ट्यूब घासलेली ती वेगळीच.

चालत घरी. मनूनं दारातच विचारलं, "फुटली?" तिला आता बाकी काही विचारावंसंच वाटत नाही.

१० नोव्हें.

संदीपनं आज विषय काढला. चहा पिताना, अगदी सहज असल्यासारखा.

"मागच्या चाकात हवा किती ठेवतेस?"

"बावीस पॉइंट. कायम बावीसच."

"कायम म्हणजे कधीपासून?"

मी बघितलं त्याच्याकडे. तो कपात बघायला लागला. नवरा गणिताचा मास्तर आहे, पुढचा हिशेब त्यानं मनात केलेला दिसत होता. रिमवर मी मार्करनं २२ लिहून ठेवलंय. किती महिने खटपट करून तो आकडा सापडला होता! त्याहून कमी ठेवली तर टायर लोळतं, जास्त ठेवली तर दगड धरत नाही. माझा आकडा आहे तो.

१३ नोव्हें.

आज डोकं फिरलंय.

आत्याबाई (सासूबाईंना मी लग्नापासून आत्याबाईच म्हणते) भाजी निवडत होत्या. मी ओट्यावर ट्यूबला पॅच लावत होते. खाली मान घालूनच म्हणाल्या, "तू आता पयल्यासारकी काटकुळी ऱ्हायलीस का? अंग भरलंय चांगलं. आपल्याला कळंना तरी सायकलीला कळतंय की."

मी उठून आत गेले. जेवताना संदीप दोघींच्या मधे बसून मीठ मागत होता, मीठ समोरच होतं.

भयंकर राग आलाय. चूक बोलल्या असत्या तर इतका आला नसता.

१५ नोव्हें.

आमच्या डेअरीत दुधाचे कॅन मोजायचा काटा धक्क्यावर असतो. सकाळचं संकलन संपल्यावर तिथं कुणी नव्हतं. चपला काढून चढले.

सदुसष्ट किलो चारशे.

मनूच्या आधी चोपन्न होते.

खाली उतरले, लॅबमध्ये जाऊन दार लावलं आणि रडले. वजनासाठी नाही. म्हणजे वजनासाठीच, पण तेवढंच नाही. रोज सकाळी पहिलं काम म्हणून मी फॅटचं मशीन तपासून घेते, कालचा आकडा आज चालत नाही म्हणून नव्या पोरींना दरडावते. आणि स्वतः चार वर्षांपूर्वीच्या आकड्यावर उड्या मारत होते. तेरा किलो जास्त घेऊन, तेवढ्याच हवेवर. ट्यूब चिमटेल नाही तर काय होईल?

बावीस पुसला की ती जुनी मीही पुसली जाणार, असं काहीतरी मनात होतं. आज लिहिताना कळतंय.

१६ नोव्हें., रवि.

थिनरनं रिम पुसली. सरळ तीस भरली.

पंक्चर नाही! एकही नाही. पण टायर असं दगडासारखं झालं की खडकाला टेकलं की उसळायचं. तिसऱ्या दगडावरून घसरले, नडगी सोलली. लंगडत घरी. यावेळी सायकल ढकलत नेता आली, ही प्रगती.

मुग्धाला फोन करून सगळं सांगितलं. वजनही सांगितलं, आकड्यासकट. ती हसली नाही.

"तीस फार झाली गं. नुसत्या हवेनं पंक्चर थांबतं, पण पकड जाते. सत्तावीसवर ये. मी जाड ट्यूब पाठवते. आणि उतरायचं बघ जरा."

"म्हणजे?"

"तू पहिल्यापासून धपकन उतरतेस. तेव्हा हलकी होतीस म्हणून खपून गेलं."

तेव्हापासून हेच डोक्यात. वजन वाढलं हे मी कसंबसं गिळलं. पण त्या चोपन्न किलोवाल्या मुलीलाही नीट उतरता येत नव्हतं? मग मी इतके दिवस कुणाची आठवण काढत बसले होते?

२० नोव्हें.

लॅबला सुट्टी टाकली. अंगणात, ओट्यावरून मागच्या चाकावर उतरायचा सराव. फूटभर उंची. धप्प. धप्प. धप्प.

आत्याबाई बाहेर आल्या. आठवड्यात आम्ही कामापुरतंच बोललोय.

"आदळतीस कशाला?"

"आदळत नाही. उतरतेय."

"ह्याला उतरनं म्हनत न्हाईत." त्यांनी आतून गव्हाचं अर्धं पोतं आणलं, डोक्यावर घेतलं, नऊवारी खोचली आणि पासष्टाव्या वर्षी ओट्यावरून खाली उतरल्या. आवाज नाही. मी ओरडायचंही विसरले.

"राहुरीला मळ्यात असताना रोज गवताचा भारा असायचा. बांध कमरंइतका. उडी टाकली की मान मोडायची. पाय लागायच्या आदीच गुडघं ढिलं सोडायचं, आन् पाय लागला की खाली बसत जायचं, हळू. भाऱ्याला कळू द्यायचं न्हाई की आपन खाली आलो."

"परत दाखवा."

"पोतं तू घे. माझी कंबर काय फुकटची हाय व्हय?"

घेतलं. सहाव्यांदा जरा जमलं. त्याआधी पोतं डोक्यावर असताना मी पाय घट्ट रोवून, सगळं अंग ताठ करून उतरत होते. सायकलवरही तेच करते. भीती वाटली की अंग ताठ करते. मग खालून जे काही येतं ते सगळं टायरनं एकट्यानं झेलायचं.

 संध्याकाळी त्यांचे पाय चेपून दिले. "जरा जोरात," म्हणाल्या.

२३ नोव्हें., रवि.

जाड ट्यूब शुक्रवारीच आली होती. काल मामांकडे बसवली. ट्यूब हातात घेऊन वजन केलं त्यांनी. "मोटरसायकलीची आनली काय?" मग आतून पावडर लावली, पीळ पडलाय का बघितलं, सगळं अगदी मन लावून. ती जुनी पट्टी मीच काढायला लावली. त्यांना आवडलं नाही. "काटा आला मंग?" काटा आला तर आला म्हटलं.

आज सत्तावीस. गेजवर दोनदा बघून. गुडघाभर उंचीचा दगड, दहा वेळा. दोनदा अगदी हलकं उतरले. पाचदा बरं. तीनदा ठक्क, पण ट्यूब वाचली. ते दोनदा आठवून अजून हसू येतंय.

नदीवर एकजण सांगत होता, पुढच्या सोमवारी धरणातून आवर्तन सुटणार. मग पात्र भरेल, दगड सगळे पाण्याखाली. म्हणजे माझा एकच रविवार उरला.

२७ नोव्हें.

संदीप: "दे ना नाव. हरलीस तर हरलीस."

हरण्याचं नाहीये. पूर्वी मी वरच्या गटात खेळायचे. तिथली माणसं मला ओळखतात. चार वर्षांनी तीच सायकल घेऊन जायचं आणि पहिल्याच अडथळ्यावर चाक बसलं तर खांद्यावर टाकून सगळ्यांसमोरून चालत यायचं. मुग्धा म्हणते नवशिक्यांच्या गटात ये, कुणी काही म्हणत नाही. मीच म्हणेन ना.

मग तिला सांगितलं, नदीतल्या म्हशीवरून पंक्चर न होता उतरता आलं तर वरच्या गटात नाव देईन. नाही आलं तर यावर्षी नाही. म्हैस म्हणजे पात्रातला सगळ्यात मोठा खडक, बसलेल्या म्हशीसारखा. उतार नाही, पुढून सरळ कमरेइतकी उडी. परत सायकल सुरू केल्यापासून त्यावर चढलेच नव्हते.

"असल्या अटी घालायच्या नसतात गं," मुग्धा म्हणाली.

माहितीये. घातली.

३० नोव्हें., रवि.

वही बरोबर आणलीय. नदीत बसूनच लिहितेय.

मनू संदीपजवळ. आत्याबाई म्हणाल्या मी येते. म्हटलं तिथं बसायला काही नाही. "तुझ्या सायकलीवर तरी कुटं हाय?" आल्या.

सत्तावीस बघितली. सोडून परत सत्तावीस केली. म्हशीवर चढायलाच चार प्रयत्न. वर उभी राहिले. खालचा सपाट दगड फार लांब दिसत होता. अंग ताठ होतंय हे कळत होतं. दोनदा पुढं सरकून थांबले. 

तिसऱ्यांदा सोडलं.

उतरले. उभी राहिले. पाय जमिनीला लागला नाही. गुडघे आपोआप गेले खाली.

पण टक् झालं. ठक्क नाही, टक्. बारीक. रिम टेकली का? की नुसता खडा उडाला? चिमटा अगदी लहान असेल तर हवा लगेच जात नाही. दहा-पंधरा मिनिटं घेते, मग बसतं चाक.

"जमलं की!" आत्याबाई.

"थांबा. अजून माहीत नाही."

१०.२० — अंगठ्यानं दाबलं. घट्ट.

१०.२५ — घट्ट. गेज लावला तर लावतानाच थोडी हवा जाणार, मग आकड्यावर विश्वास कसा ठेवू? अंगठाच बरा.

१०.३१ — आत्याबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनीही दाबून बघितलं. "मला तर टनक लागतंय." मग परत दाबलं. "मगाशी अजून टनक हुतं का गं?"

१०.३४ — पाणी लावून बुडबुडे बघावेत असं मनात आलं. नदी चार पावलांवर आहे. उठले नाही.

१०.३८ — मुग्धाचा फोन वाजतोय, नाव द्यायचा आज शेवटचा दिवस. आत्याबाई म्हणतात, उचल की. एका हातात पेन आहे, दुसरा टायरवर.