डोळे मिटलेले फोटो

बाबा, सध्या दर शनिवारी मी शहाडच्या एका शाळेत चौथीच्या मुलांना डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायला शिकवते. ऐकून तुम्ही हसला असता. मोहने गावातल्या तुमच्या स्टुडिओत मला कॅमेऱ्याला हातही लावू देत नव्हतात. मुलं चोवीस, कॅमेरे चार. कोपर अंगाशी, उजेड पाठीशी, एवढं त्यांना जमलंय. पण एक फोटो सांगितला की चाळीस काढतात, म्हणून मी नियम केलाय: हललेला, अंधारा, डोळे मिटलेला, लगेच डिलीट. गेल्या शनिवारी एका मुलीने घरून आजीचा फोटो काढून आणला. डोळे मिटलेले. काढून टाक म्हटलं, तर तिने कॅमेरा पाठीमागे लपवला. "आजी हसली की तिचे डोळे मिटतातच, बाई. दुसरा कसा काढू?" फोटो राहिला.

मीही चौथीतच होते. स्टुडिओ झाडताना डोळे मिटलेल्या एका गिऱ्हाइकाची निगेटिव्ह मी केरात टाकली आणि तुम्ही ती मला परत काढायला लावलीत. आवाज न चढवता म्हणालात, "माणूस कारखान्यात खाडा करून, भांग पाडून येऊन बसलाय. डोळे मिटले म्हणून तो आलाच नाही का?" चांगली निगेटिव्ह लोक घेऊन जायचे आणि हरवायचे, ही डोळे मिटलेली तुम्ही बिस्किटांच्या डब्यांत जपायचात. कारखान्यातलं कुणी गेलं की त्याची बायको यायची, स्टुलावर बसायची. तुम्ही डबा उतरवून एकेक निगेटिव्ह उजेडाला धरायचात. सापडली की ती रडायची, मिटलेल्या डोळ्यांबद्दल अवाक्षर काढायची नाही.

तुम्ही गेलात त्याच पावसाळ्यात उल्हास नदीला पूर आला. स्टुडिओची जागा रिकामी करून द्यायची घाई होती, त्या चेहऱ्यांची नावंही मला ठाऊक नव्हती. सहाही डबे मी भंगारवाल्याला दिले आणि आईला सांगितलं, पुरात गेले. नंतर तीन बायका विचारायला आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. शनिवारी वर्ग सुटल्यावर त्या मुलीला मी तुमच्या डब्यांची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, ते आता कुठे आहेत? नऊ वर्षांच्या पोरीलाही मी म्हटलं, "पुरात गेले." तेव्हापासून लाज वाटतेय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहिते. पाणी स्टुडिओच्या पायरीच्या वर आलंच नव्हतं, बाबा.