उत्तरासाठी थांबणारी माणसं

दि. १९, रविवार दुपार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, म्हणून कागदावरच घालून घेतो. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरोखर ठीक आहे की नाही ते तूच कळव, कारण माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक असावं असा मला दाट संशय आहे.

तुझं पत्र मिळालं. त्यात तू हिला ‘गुणाची आहे’ असं लिहिलंयस. ताई, आमचं लग्न झाल्यापासून तुझं आणि हिचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. आणि आता एकदम गुणाची? तिथेच माझे कान टवकारले.

दुसरं सांगतो. ‘काय, बरं आहे ना?’ असं आपण सगळेच विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे सरकतो. त्यात वाईट काही नाही, तो शिष्टाचारच आहे. कुणी खरंच आपलं दुखणं सांगायला बसला तर विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची. माझ्या वर्कशॉपसमोरचा टायरवाला तर प्रश्न संपेपर्यंत पाठमोरा झालेला असतो. पण हल्ली तो विचारतो आणि थांबतो. माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो. आमच्या वरच्या मजल्यावरचा भोंगा (आवाजामुळे आम्हीच ठेवलेलं नाव) परवा जिन्यात माझा हात धरून म्हणाला, “काही लागलं तर रात्री-अपरात्री हाक मारा हं.” कुजबुजून म्हणाला. भोंगा कुजबुजतो म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय.

घरातलं तर विचारूच नकोस. मी खोलीत आलो की बोलणं तुटतं आणि सूनबाई उगाच पडदे सारखे करते. एका गिऱ्हाइकाची जळालेली पंपाची मोटार जुन्या तारेचेच वेढे घालून भरू या, असं मी मुद्दाम चुकीचं बोलून पाहिलं. चिरंजीव म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, बाबा.” हे वाक्य त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मोटार जळायच्या आधी तिचा आवाज बदलतो. तो ओळखूनच मी शून्यातून इथवर आलो. तेव्हा हिशेब मांडला: मध्यंतरी मला वर्कशॉपमध्ये चक्कर आली होती, रक्त तपासलं होतं, रिपोर्ट आणायला मुलगा गेला होता. म्हणजे मला काहीतरी मोठं झालंय आणि मी सोडून सगळ्यांना माहीत आहे. हीसुद्धा मला भात लावायला शिकवायला लागली होती. “मी चार दिवस माहेरी गेले तर उपाशी राहाल,” म्हणे. माहेरी आता हिचं आहे कोण? मला वाटलं, माझं मन रमावं म्हणून चाललंय.

शेवटी कुणाला न सांगता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, “डॉक्टर, मी भिणारा माणूस नाही. काय ते सांगून टाका.”

ते हसले. “अहो, ठणठणीत आहात तुम्ही. चक्कर उपाशीपोटी आली होती. फक्त वहिनींना जिने चढू देऊ नका.”

मग एकदम टेबलावर पेन शोधायला लागले. पेन त्यांच्या खिशात होतं.

मी पायीच घरी आलो. संध्याकाळी ही भाजी घेऊन जिना चढत होती, मी मागे. मधल्या वळणावर थांबली आणि पिशवीचा बंद नीट करायला लागली. बंद नीटच होता. तिचा श्वास मात्र मला नीट ऐकू आला. जगाचे आवाज ऐकत फिरलो ताई, हा एवढा राहिला.

स्वयंपाकघरात विचारलं, “मला काही सांगायचंय का तुला?”

“सांगायचंय ना. पाणी पुन्हा जास्त घातलंत.”

मी पुढे विचारलं नाही. तिला मला सांगायचं नसेल तर तिची मर्जी. पण तुला सांगितलंय, एवढं तुझ्या पत्रावरून नक्की झालं. तेव्हा लपवाछपवी न करता लिही: काय झालंय, आणि वेळ किती आहे. जमलं तर येऊनच जा. आलीस की हिच्याशी रोजच्यासारखी भांड. गोड बोललीस तर ती माझ्याहून हुशार आहे, लगेच ओळखेल.

आणि हे कुणाला सांगू नकोस, भात मला केव्हाच जमलाय. आयुष्यभर तारेचे वेढे मोजणाऱ्याला पाणी मोजायला कितीसं लागतं? पण जमलेला दिसला की हिला वाटेल, चला, याची सोय झाली. मग ती निर्धास्त होईल. ते मला नकोय. म्हणून रोज पाणी जास्त घालतो. ती कपाळाला हात लावते, शेजारी येऊन उभी राहते आणि पुन्हा पहिल्यापासून दाखवते.

आता तिची हाक आली. तांदूळ धुवायचेत.

तुझा, अजून काहीही न शिकलेला,
धाकटा भाऊ