गच्चीवरचा व्हिडिओ न पाहता पुसण्याबाबत

दि. १२ मे २०२५

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
विभागीय पोलीस ठाणे, सुरत शहर.

अर्जदार : हर्षदा सुपडू बोरसे, राहणार लिंबायत, सुरत. काम : साडी पॅकिंग.

विषय : जमा ड्रोनमधील व्हिडिओ कोणीही न पाहता पुसून टाकण्याबाबत.
संदर्भ : श्री. भगवान वाघ यांनी अर्जदाराविरुद्ध दिलेली तक्रार.

महोदय,

१. सदर ड्रोन अर्जदाराने स्वतःच्या कमाईतून, हौसेने घेतलेला आहे. सुटीच्या सकाळी मोकळ्या मैदानात, माणसांपासून दूर आणि डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरावर ती तो उडवते. वारा सुटला की पेटीत ठेवते. या शिस्तीबद्दल घरात तिची चेष्टाच होते, परंतु त्याबद्दल तक्रार नाही.

२. अर्जदाराची सोयरीक लिंबायतमधीलच श्री. विकास वाघ यांच्याशी ठरली आहे. खानदेशी मंडळींत साखरपुड्याआधी मुलाचे घर पाहून येण्याची रीत आहे. त्याप्रमाणे घर पाहिले, चहापोहे झाले. परंतु वर जायचा जिना कोणी दाखवला नाही, म्हणून वरचा मजला पक्का की पत्र्याचा, हा किडा अर्जदाराचे काका भिकन यांच्या डोक्यात वळवळत राहिला. तोंडाने विचारायची त्यांना लाज वाटली, चोरून पाहायची मात्र वाटली नाही. अर्जदार कामावर असताना त्यांनी ड्रोन काढला आणि गल्ल्या ओलांडून थेट वाघांच्या घरावर नेला. नजरेबाहेर का नेला असे विचारता, "मोबाइलमा त दिखी ऱ्हायंतं," असे त्यांनी उत्तर दिले.

३. मजला पक्का निघाला. तेथे गच्चीवर पडद्याआड विकास यांच्या आई सखुबाई न्हात होत्या. ड्रोन पाण्याच्या टाकीवर आपटून त्यांच्या पुढ्यात पडला.

४. यापुढील प्रकार लिहिताना अर्जदारास किळस येते. दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी दोन्हीकडचे पुरुष गल्लीतल्या गणेश मंडळाच्या खोलीत जमले व त्यांनी तो व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा पाहिला. मुलाचे काका भगवान यांनी पुरावा म्हणून तो आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि मग ड्रोन ठाण्यात जमा केला. सखुबाईंना कोणी काही विचारले नाही.

व्हिडिओच्या सुरुवातीलाच भिकनकाकांचा तंबाखू चघळणारा चेहरा स्वच्छ दिसतो, हे काकांनीच घरी सांगितले, आणि अर्जदाराच्या वडिलांनीही तो चेहरा पाहिला. तरी बैठकीत ठरले असे, की काकांची चारचौघांत शोभा नको, दोष अर्जदाराच्या नावावर घालावा, तिने माफीपत्र द्यावे, म्हणजे सोयरीक टिकेल. "पोर शे, तिले कोन काय म्हनी?" असे काका म्हणाले. वडील सुपारी कातरत बसले होते.

५. माफीपत्र या मंडळींनीच लिहून तयार ठेवले आहे. अर्जदार त्यावर सही करणार नाही. सोयरीक मोडायची असेल तर खुशाल मोडावी. या माणसांच्या पंगतीत हळद लावून बसण्याची तिला शिसारी आली आहे.

६. अर्जदार निर्दोष असल्याचा पुरावा त्या व्हिडिओतच आहे, दुसरा कोठेही नाही, हे तिला पुरते कळते. तपासासाठी आपणांस तो पाहावासा वाटेल. कृपया पाहू नये. सखुबाईंना जेवढ्या पुरुषांनी पाहिले तेवढे पुष्कळ झाले. महिला पोलिसांच्या हातून, सखुबाईंच्या समक्ष, ड्रोनचे कार्ड व भगवान यांचा मोबाइल, दोन्हींतून तो पुसावा.

त्यानंतर तक्रारीत नाव अर्जदाराचेच राहिले तरी तिची हरकत नाही.

सोबत : या अर्जाची गुजराती प्रत.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी,
(सही)
हर्षदा सुपडू बोरसे