तेरा वेळा ‘नाही’

सुवा,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय आनासेइनी,

तुला वॉर्डात ठेवून पाच आठवडे झाले आणि या पाच आठवड्यांत मी तुझ्याशी धड एक वाक्य बोललेलो नाही. त्याची माफी आधी मागतो. दोनदा आलो. दोन्ही वेळा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून शेजारच्या बाईंची चौकशी केली, नारळाच्या दुधातल्या अळूचा डबा ठेवला आणि निघालो. मावसभाऊ म्हणजे आपल्या टोंगात सख्खाच, आणि भावाने बहिणीच्या शरीराविषयी तोंडातून शब्द काढायचा नसतो, हे तुला मी सांगायला नको. लिहिणं म्हणजेही बोलणंच, हे मला कळतं. पण समोर उभं राहून मला हे कधीच जमणार नाही.

उद्या दहा वाजता समिती बसते आहे. तुझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ऑकलंडला होईल, पण तिचा खर्च विद्यार्थ्यांच्या रुग्णालय योजनेने करायचा की नाही, हे तिथे ठरणार. तुझ्या फाइलवर लाल शाईत लिहिलं आहे, ‘प्रवेशाच्या वेळी जुना आजार लपवला.’ विद्यापीठाच्या आरोग्य कार्यालयातले आमचे साहेब रामसामी गुरुवारी चष्मा शोधता शोधता मला म्हणाले, “काय रे इसी, पोरगी तुझ्या नात्यातली ना? मग खोटं लिहायची अक्कल कुणी दिली तिला?” माणूस वाईट नाही. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता, तो मी दाखवून दिला आणि जागेवर येऊन बसलो.

फेब्रुवारीतला तो दिवस तुला आठवत असेल. आरोग्य तपासणीचे फॉर्म घ्यायची शेवटची तारीख, रांग थेट बसस्टॉपपर्यंत गेलेली. मुलींचे फॉर्म एरवी नर्स वासिती भरून घेते, पण त्या दिवशी तिला वसतिगृहात लसी टोचायला पाठवलं होतं. तू माझ्या टेबलासमोर बसलीस आणि खाली बघायला लागलीस. मीही. बाकीच्यांना मी तेरा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवत होतो. तुझ्या वेळी मान वर न करता तेराही ठिकाणी ‘नाही’वर खूण केली, फॉर्म तुझ्याकडे फिरवला आणि तू न वाचता सही केलीस. मिनिटभरही लागलं नाही. तुझ्या मागे किरिबाती बेटांवरचा तो धिप्पाड मुलगा होता. तो ओरडला, “ओ काका, माझंही असंच झटपट उरका की! का आम्ही सावत्र?” सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

मी रोज डायरी लिहितो. त्या दिवसाचं पान या आठवड्यात तीनदा उघडलं. ‘१८७ फॉर्म. पाठ धरली.’ एवढंच आहे. तुझं नाव नाही. इतके दिवस मी स्वतःला समजावत आलो की रीतच तशी आहे, मी विचारणार कसा? ऐकायला बरं वाटतं. पण हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज लिहितो.

मला विचारायची गरजच नव्हती. चौथा प्रश्न होता : लहानपणी सांधे सुजून बरेच दिवस ताप आला होता का? त्याच तापाने पुढे हृदयाची झडप बिघडते. बाबांच्या मयतीला मी आपल्या हापाई बेटांवर आलो होतो, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. गुडघे एवढे सुजलेले की तुला चालता येत नव्हतं. मावशी तुला पाठुंगळीला घेऊन इंजेक्शनला गेली आणि मी मागून चालत गेलो. आत तू रडत होतीस, मी दवाखान्याच्या पायरीवर बसून ऐकत होतो. दर महिन्याला हे इंजेक्शन द्यायचं, चुकवायचं नाही, असं नर्सने मावशीला बजावलं, तेही मी ऐकलं. म्हणजे उत्तर ‘हो’ आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

‘हो’ लिहिलं असतं, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत तुझा प्रवेश अडकला असता. एक सहामाही गेली असती, एवढंच. पण मावशीने आदल्याच दिवशी फोनवर म्हटलं होतं, “पोर तुझ्या हवाली केली बाबा, आता तूच बघ.” सगळ्या चर्चने गाणी म्हणून तुला बोटीवर बसवलं होतं. मग मी हात चालवला. आदर होता, घाई होती, की काम करून देणारा नातेवाईक म्हणून मिरवायचं होतं? खूप विचार केला, नीट उत्तर सापडत नाही. एवढं मात्र दिसतं, की तपासणी फेब्रुवारीत झाली असती, तर मधे बंद पडलेली इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली असती आणि ग्रंथालयाच्या जिन्यावर तू कदाचित कोसळली नसतीस.

शुक्रवारी वासितीने माझ्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तुझा निरोप सांगितला. “तुझी बहीण म्हणते, गप्प राहा. खुणा मीच केल्या असं ती लिहून देणार आहे. म्हणे, दादाची दोन मुलं अजून शाळेत आहेत.” मग दार उघडता उघडता म्हणाली, “निरोप तिचा होता. माझं मत विचारू नकोस, फुकट शिव्या खाशील.” वयाने तू माझ्या निम्मी, पण बहीण म्हणून मानाने वरची, आणि बहिणीचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. उद्या मोडणार आहे, आणि ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. चूक कार्यालयाच्या हातून झाली असेल, तर योजनेला खर्च नाकारता येत नाही, असा नियम आहे. खुणा माझ्या आहेत आणि माहीत असून केल्या आहेत, असं मी समितीला द्यायच्या निवेदनात लिहिलं आहे. एकोणीस वर्षांची नोकरी बहुधा जाईल. तू कशावरही सही करू नकोस. आणि जे फेब्रुवारीत विचारायला हवं होतं, ते आता विचारतो : तुला दम लागतो का? रात्री आडवं पडता येतं का? पाय सुजतात का? मला सांगू नकोस. वासिती हे पत्र घेऊन येईल, तिला सांग. यावेळी सगळं खरं सांग.

तुझाच भाऊ,
इसिलेली

(त्याच रात्री, डायरीत) उद्या : साडेनऊच्या आत निवेदन रामसामींच्या हातात देणे.