कर्टिसच्या पायाचे पैसे

एव्हरेट,

आपल्या जोसीचा ताप उतरत नाहीये, तिला डॉक्टरांकडे नेतेय. नवा ट्रक घ्यायला तू लिहून ठेवलेला चेक मी पर्समध्ये टाकलाय. ओरडायचं ते संध्याकाळी ओरड.

किती वेळा सांगू? तुझ्या भावाला, कर्टिसला, मिळालेल्या पैशांवर कर लागला नाही, कारण गाडीने उडवून त्याचा पाय मोडला होता, त्याची ती भरपाई होती. तुला कंपनीने तडजोडीत दिलेत ते पैसे म्हणजे तुझा बुडवलेला पगार. पगारावर कर लागतोच! एप्रिलमध्ये तो कुठून भरणार, ट्रकची चाकं विकून? म्हणे, "कर्टिसला विचार." काय विचारू, लंगडायचं कसं ते?

सूप गरम करून घे. तुझे दोन्ही पाय धड आहेत, मला तेवढं पुरे आहे.

लोर्ना