शेवगावची तीन वर्षं

सोमवार, ९ जून २०२५
आज सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी, माझ्या डोळ्यांदेखत, कपाळावर चष्मा चढवलेल्या एका क्लार्कने माझी तीन वर्षं पुसली.
जागा : एमआयडीसीच्या पुढचं नवं नर्सिंग कॉलेज. भाची स्मिता आठवडाभर मागे लागली होती. मावशी, घरी बसून कुढतेस, तिथे शिकवायला जा. बायोडाटा टाइप करून मेलही तिनेच केला. क्लार्कने तो कॉम्प्युटरवर उघडला, 'शेवगाव, खाजगी प्रसूतिगृह, स्टाफ नर्स, २०१५ ते २०१८' ही ओळ उडवली आणि तिथे लिहिलं, 'घरगुती कारणास्तव विश्रांती.' प्रिंट काढून पुढे सरकवली.
"सही करा, मॅडम."
"तीन वर्षं तिथे नाइट ड्यूट्या केल्या मी. विश्रांती कोणी घेतली?"
"छोट्या हॉस्पिटलचा अनुभव इन्स्पेक्शनला चालत नाही. सरांनी सांगितलंय."
कोण सर, ते सांगेना. प्रिंट पर्समध्ये कोंबली, सही न करता आले.

मंगळवार, १० जून
वगळायला माझी ना नाही. जन्मसाल स्मिताने काढलं, मी हूं म्हटलं. केस पांढरे आहेत, समोरच्याला डोळे असतील. मॅट्रिकचं साल गेलं, कारण त्यावरून वय निघतं. पपा कॅन्टोन्मेंटच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, ते मीच काढलं. नोकरी मला हवी, पपांची चौकशी कशाला. कर्जतचे चार महिनेही काढले. तिथल्या मॅट्रनशी भांडून सोडलं होतं.
पण शेवगाव नाही.
पेशंटच्या पेपरवर मोकळी ओळ राहिली की तिच्यावर आडवी रेघ मारायची, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं. नाहीतर मागाहून कोणीही काहीही भरतं. शेवगावला भरलेलं मी पाहिलंय. सुनंदा, बाळंतीण, एकवीस वर्षांची. रक्त थांबेना. फोनवर फोन केले, डॉक्टर आलेच नाहीत. सकाळी पेपरवर त्यांची भेट, औषधं, वेळ, सगळं व्यवस्थित. सुनंदा तेवढी गेलेली. मी पोलिसांना जसं घडलं तसा जबाब दिला आणि नोकरी सोडली.
कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोललं की गुडघ्यांवर बसवत. त्या डॉक्टरांना एव्हाना गुडघे उरले नसते.

शुक्रवार, १३ जून
सुनंदाच्या वडिलांचा फोन, गावाकडून.
"बाई, चार जुलैची तारीख लागलीय. तुमची साक्ष हाय. येताय न्हवं?"
"येते."
"त्यांचा वकील म्हनतो, असली कुनी बाई आमच्याकडं कामालाच न्हवती. तुमच्यापाशी काय कागद हाय का?"
नाही. नेमणूकपत्र दिलंच नव्हतं. पगार हातात. मस्टर त्यांच्याकडे.
"आसू द्या," म्हणाले. "तुमी बोलला की बास हाय. पोरीपाशी तुमीच तर हुता."
फोन ठेवल्यावर ती प्रिंट काढली. घरगुती कारणास्तव विश्रांती. खाली माझ्या सहीसाठी रेघ. हे इन्स्पेक्शनसाठी नाही. मग कोणासाठी, हा विचार आला आणि मला बसवेना.

रविवार, १५ जून
चर्चमधली मिस्सा आटोपून सरळ स्मिताकडे, सावेडीला. स्वयंपाकघरात भिंतीवर नवं कॅलेंडर, त्याच कॉलेजचं. वर संस्थापक-अध्यक्षांचा फोटो, सूट घालून हात जोडलेले. शेवगावचे डॉक्टर. केस काळे केलेत.
"हे कुठून आलं?"
"यांनी आणलं." चहा ढवळत राहिली.
"दिलीप तिथे लागलाय?"
"अकाउंट्सला. एक तारखेपासून."
म्हणजे ती माझ्या मागे लागली त्याच्या आधीपासून.
"डॉक्टर कोण, ते तुला ठाऊक होतं."
"मावशी, गेलेली परत येणारेय का? यांना दीड वर्षाने काम मिळालंय. तीन वर्षं नाही लिहिली तर काय बिघडतं तुझं?"
चहा तसाच ठेवून उठले. तिची आई गेल्यावर या मुलीला मी वाढवलं. आज याहून जास्त लिहवत नाही.

बुधवार, १८ जून
दुपारी दारात कॉलेजची गाडी. ड्रायव्हरच्या हातात पाकीट आणि साडीचा बॉक्स. बॉक्स घेतला नाही.
"घ्या की मॅडम. सरांना वाईट वाटेल."
"मग त्यांनाच नेसायला सांग."
तो हसला. "चार जुलैला इन्स्पेक्शन आहे. सकाळी सातलाच न्यायला येतो. रस्ता बघून ठेवलाय मी." जाताना मागच्या गल्लीतही डोकावला.
पाकिटात नेमणूकपत्र. 'आपण स्वाक्षरीसह सादर केलेल्या माहितीच्या आधारे.' सोबत त्या माहितीची प्रत, विश्रांतीसकट, आणि खाली माझी सही. माझीच. मेलसाठी स्मिताने ती स्कॅन केली होती.
दार लावून घेतलं. मग खिडक्याही.

शुक्रवार, २० जून
सकाळी पोस्टात जाऊन कॉलेजला रजिस्टर्ड पत्र टाकलं, एक प्रत सरकारी वकिलांना. संध्याकाळी स्मिताचा फोन. पत्र कॉलेजला अजून पोचलंही नसेल, हिला कसं कळलं? पोस्टात मला कोणी पाहिलं?
"मावशी, यांचं काय होईल, विचार केलास?"
केला. चार दिवस तोच केला.
"ते लोक साधे नाहीत गं," म्हणाली, आणि रडायला लागली. हे मात्र खरं रडणं होतं.
पत्राचा मजकूर इथे उतरवून ठेवते. माझ्याकडची प्रत जागेवर राहील याची आता खात्री नाही.

'आपली नेमणूक मी स्वीकारलेली नाही. सोबतची माहिती माझी नाही. तिच्यावर माझी सही कोणी, कोणाच्या सांगण्यावरून लावली, आणि २०१५ ते २०१८ मी कुठे होते असं आपलं म्हणणं आहे, हे अध्यक्षांनी स्वतःच्या सहीने लेखी कळवावं. मुदत : शुक्रवार, २७ जून, सायंकाळी पाच. फोन, तोंडी निरोप किंवा माझ्या भाचीमार्फत आलेलं उत्तर चालणार नाही. चार तारखेला गाडी पाठवू नये. मला कोर्टात जायचं आहे.'